पाचशे एकसष्टचा आकडा

३ फेब्रुवारी, सोमवार

मिळाला! कोपऱ्यावरचा गाळा मिळाला – म्हणजे मिळाल्यातच जमा आहे. मालक म्हणाले, "ताई, पंधरा मार्चपर्यंत थांबतो. तोवर अनामत आणा, नाहीतर मोबाइलवाला टपलेलाच आहे." आणते की! बँक कशाला आहे?

बावीस वर्षं पुढच्या खोलीत शिवतेय. पाहुणा आला की मशीन ढकला, कापड आवरा, टाचण्या शोधा. आता कटिंगचं मोठं टेबल येणार आणि ते कुणासाठीही हलणार नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग आता पाहुणे कुठे बसवायचे ते मी ठरवणार."

संध्याकाळी शिवणक्लासमध्ये बायकांना गोल कॉलर शिकवली. नेहमीप्रमाणे शाळेच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्या काकांकडून रद्दी कागद आणले होते. एका बाजूनं कोरे, जाडसर, फुकट. खाक्यांना यासारखा कागद नाही. प्रत्येकीला एकेक खाका कापून घरी न्यायला दिला. आनंदाच्या भरात दोन उलटे कापले!

५ फेब्रुवारी, बुधवार

बँकेत गेले. चष्मेवाल्या मॅडम म्हणाल्या, "तुमचा क्रेडिट स्कोअर बघते." मला स्कोअर आहे हेच मला माहीत नव्हतं! त्यांनी नीट समजावलं. तीनशे ते नऊशेमधला आकडा असतो. हप्ते वेळेवर गेले की चढतो, चुकले की घसरतो. दहा ठिकाणी कर्जासाठी अर्ज करत सुटलं तरी घसरतो. आपला आपण बघितला तर मात्र काही होत नाही.

मी ताठ बसले. मशीनचे छत्तीस हप्ते, एकही चुकला नाही. एकदा तर अंगात ताप असताना रिक्षा करून भरून आले होते. मनात म्हटलं, नऊशेच निघणार.

"पाचशे एकसष्ट," मॅडम म्हणाल्या. "साडेसातशे तरी लागतात. मोबाइलच्या कर्जाचे नऊ हप्ते थकलेत तुमचे."

कुठला मोबाइल? माझ्याकडे लेकीचा जुना आहे, तोही मागून फुटलेला.

६ फेब्रुवारी

रडले. मग बटणं लावली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लेक म्हणते, "आई, कुणीतरी तू बनून कर्ज काढलंय." मी बनून! मला मीच होणं जमता जमत नाही, आणि ही कोण भवानी? हे म्हणाले, "सापडली तर तिला म्हणावं, राहिलेले ब्लाउजही तूच शिवून दे."

पण रडणं गेलं. अंगात वारं शिरलंय नुसतं. लेकीनं आणि मी तीन तक्रारी केल्या – कर्ज देणाऱ्या कंपनीला, स्कोअर ठेवणाऱ्या संस्थेला आणि पोलीस चौकीत. संस्थेनं तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं म्हणे. बोटांवर मोजले. पंधरा मार्चच्या आत बसतात!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीनं त्या कर्जाचे कागद पाठवले. सही माझी नाही, माझी इतकी सुबक कधीच नव्हती. पत्ता कुठला तरी भलताच. पण ओळखपत्राची प्रत माझीच! कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी रेघ, आणि कागदाची खालची कड गोल कापलेली.

रेघ बघताच उठून उभी राहिले. गेल्या वर्षी झेरॉक्सवाल्या काकांच्या मशीनची काच खरचटली होती, तेव्हाची ही प्रत. "रेघवाली नको," म्हणून मीच परत केली होती. म्हणजे ती त्यांच्याकडेच राहिली. सापडला चोर!

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी सगळ्यांसमोर विचारलं. "काका, माझी प्रत कुणाला विकली?"

ते गोंधळले. हळूच म्हणाले, "ताई, मी कशाला विकेन? खराब निघालेल्या प्रती तर मी..."

मी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. इतका आवाज माझ्यात होता हे मलाही नवीन. घरी येऊन दोन कप चहा प्यायले. विजय मिळवून आल्यासारखं वाटत होतं.

१७ फेब्रुवारी

तक्रारीत काकांचं नाव घातलं. पोलिसांनी त्यांना बोलावून घेतलं. क्लासमधल्या बायकांनाही बजावलं, तिथे कागद घेऊन जाऊ नका. त्या गल्लीतून मी आता जातच नाही, बाजारातून वळसा घालते.

८ मार्च, शनिवार

सातशे ब्याऐंशी!!! संस्थेनं खोटं कर्ज माझ्या नावावरून काढून टाकलं. लेकीनं आकडा मोठ्यानं वाचला, मी तिला तीनदा वाचायला लावला. ह्यांनी कधी नव्हे ते स्वतःहून माझ्यासाठी चहा ठेवला. सातशे ब्याऐंशीवाल्या बाईचा मान असतो म्हणाले. ह्यांचा स्कोअर सहाशे नव्वद निघालाय. मी काही बोलले नाही. फक्त दर तासाला आठवण करून देतेय.

१२ मार्च, बुधवार

कर्ज मंजूर. अनामत भरली, किल्ली माझ्या हातात!

बँकेत दिलेल्या प्रत्येक प्रतीवर आडवं लिहिलं – फक्त गाळ्याच्या कर्जासाठी – वर तारीख, खाली सही. मॅडम हसल्या, "सगळ्यांनी असं करायला हवं." घरातल्या कागदांसाठी चेनची पिशवी शिवली. अस्तर लावून. आता दर तीन महिन्यांनी स्कोअर बघणार. बायकांना पण शिकवणार. माझ्यासारखं कुणाचं होऊ नये.

१७ मार्च, सोमवार

दुकान सुरू! पहिल्याच दिवशी अकरा कामं. टेबल हलत नाही. मुद्दाम ढकलून बघितलं.

२० मार्च, गुरुवार

गोल कॉलरचा जुना खाका कापडावर ठेवताना पालथा पडला. मागे एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो. नाव, पत्ता, नंबर. त्याखालच्या खाक्यावर कुणी तरुण मुलगा. पेटीत चोवीस खाके, चोवीस माणसं, सगळ्यांवर तीच काळी रेघ. आणि खाली तीच गोल कड, माझ्या कात्रीची. असे खाके वर्षभर मीच वाटले, त्यांतच माझीही प्रत गेली.

काका मला तेच सांगत होते.

तशीच गल्लीत गेले. दुकानाला कुलूप. शटरवर कागद चिकटवलाय – झेरॉक्स मशीन विकणे आहे. काच नवीन.