नडगीवरची बोटं

प्रिय ताई,

अक्षराला हसू नकोस. पेन धरून किती दिवस झाले कोण जाणे, त्यात कागद मांडीवर आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा उद्योग. भाऊजी म्हणाले, बाळासाठी रंगवलेल्या त्या छोट्या खोलीत तू जाऊन बसलीयेस, आतून कडी लावतेस, दारापाशी ठेवलेल्या ताटाला हात लावत नाहीस. चहा आणि टोस्ट तेवढे उचलतेस, तेही कित्येक महिने. आणखी एक गोष्ट सांगितली त्यांनी. तिच्याकडे येतेच मी, पण तुला माहितेय, मी सरळ रस्त्याने कधी कुठे पोचलेय!

तर आधी मिठागराचं ऐक. या खेपेला टिकले होते मी तिथे, विश्वास बसणार नाही तुझा. काम सोपं. खाडीचं पाणी पंपाने वाफ्यांत सोडायचं, मोटर तापली की बंद करायची, निवली की पुन्हा चालू. नजर जाईल तिथवर पांढरं. दुपारी त्या पांढऱ्यात आपली सावलीसुद्धा निळी दिसते, आणि ती आपल्यापेक्षा किंचित उशिरा हलते असं वाटत राहतं. सोबतीला म्हातारा पंपवाला आणि त्याचा कुत्रा. पंपवाल्याला घरून डबा यायचा. म्हणायचा, ‘अगं पोरी, दोन घास भाजी खा, नाहीतर एक दिवस वाऱ्याने उडशील.’ मी म्हणायचे, उडायलाच तर आलेय. स्वयंपाकाचा आळस मला पहिल्यापासून, तुझी किती बोलणी खाल्लीत त्यावरून. चहा, बिस्किटं, पाकिटातल्या शेवया. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. पावसाळा संपल्यापासून थेट उन्हाळा लागेपर्यंत.

आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग पाय जड झाले. आणि मग ती खूण. उजव्या नडगीवरची, आठवते? गच्चीच्या जिन्यावरून पडले होते तेव्हाची. रडत तू होतीस, मी नाही. बाबांनी नडगी मुठीत घट्ट दाबली आणि दवाखाना येईपर्यंत सोडली नाही. तिथेही म्हणाले, ‘मी धरतो, तुम्ही टाके घाला.’ एवढ्या वर्षांनी ती खूण जांभळी झाली. मग तिची कड ओलावली. मग ती उघडली, ताई. कुठे पडले नव्हते, काही लागलं नव्हतं. भोवती डाग उठले, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. मी माझा हात त्यांच्यावर ठेवून पाहिला. माझा हात लहान पडला.

मी घाबरले असेन असं वाटेल तुला. खरं सांगू? मला बरं वाटलं. बाबा गेल्यापासून मला कुठे कोणी धरून ठेवलंय! पंप बंद केला की पायजमा गुडघ्यापर्यंत सारून बसायचे. दाब जाणवायचा. कधी वाटायचं, पकड थोडी वर सरकलीय. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ना, मी तर मिठातच राहत होते, पण तेही झोंबायचं नाही. पंपवाल्याला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तो सोडवायला गेला असता.

शेवटी वाफ्याच्या बांधावर चक्कर येऊन पडले, तेव्हा त्याने मला मिठाच्या ट्रकात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई नुकत्याच जेवून संत्रं सोलत होत्या. तो वास नाकात शिरला आणि मी हुंदके देऊन रडायला लागले, अनोळखी बाईसमोर. त्यांनी पाय नंतर पाहिला, आधी तोंड उघडायला लावलं आणि विचारलं, ‘खातेस काय?’ मग समजावलं. जुनी जखम एकदा शिवली की संपलं असं नसतं. शरीर ती खूण आतून सारखी उसवतं आणि सारखी नव्याने विणतं. त्या विणीला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की उसवणं चालू राहतं, विणणं थांबतं. बारीक रक्तवाहिन्याही कच्च्या होतात, मग कातडीखाली डाग पडतात. मी विचारलं, मग पंपवाल्याचा कुत्रा? तोही माझीच बिस्किटं खातो, आणि कसा चकाकतो! त्या हसल्या. कुत्र्याच्या अंगात ते आपोआप तयार होतं म्हणे. माणसाला ते जमत नाही. माणसाला बाहेरून आणून द्यावं लागतं.

केशरी, आंबट गोळ्या होत्या. आधी हिरड्यांचं रक्त थांबलं. मग खूण मिटत आली. डाग जांभळ्याचे हिरवे, हिरव्याचे पिवळे झाले आणि एकेक करून गेले. पहिली करंगळी. सगळ्यांत शेवटी अंगठा. तो नुसता पिवळट उरला होता तेव्हा मी गोळी हातात धरून बराच वेळ बसले. वाटलं, नाही घेतली तर? मग घेतली. बाबांनी पाय सोडला.

आता ती गोष्ट. तुझ्या पोटावरची, बाळ गेलं तेव्हाची टाक्यांची खूण उघडलीय, वर्ष उलटून गेल्यावर. डॉक्टरांचं नाव काढू देत नाहीस. दाराआडून भाऊजींना म्हणालीस, ‘बाळाने जाताना दार नीट लावलं नव्हतं. तो परत येतोय. हळू बोला, बिचकेल.’ तुझ्या आवाजात आनंद होता, आणि ते त्या आनंदालाच सगळ्यांत जास्त घाबरलेत. मला तो आनंद ओळखीचा आहे. म्हणून हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला ऐकू द्यायचं नव्हतं. ताई, तो येत नाहीये. तुझं अंग उसवतंय, एवढंच. जखम मिटली की तो आणखी एकदा जाईल, आणि तेच मी तुझ्याकडे मागतेय. गोळ्या आणल्यात, पण आधी डॉक्टर, भाऊजींनी गाडी दाराशी लावलीय. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. मी इथेच बसलेय, तुझ्या दाराला पाठ टेकून. आतून तुझं गुणगुणणं ऐकू येतंय. मध्येच थांबतेस, कोणी काही विचारल्यासारखी, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतेस. आता हा कागद दाराखालून सरकवते आणि संत्रं सोलायला घेते. वास आत येईल. रडू येईल, मोठ्याने येईल. येऊ दे. मग कडी काढ.

दाराच्या या बाजूला, तुझीच
भिंगरी