काचेवरचा कोरडा साबण

मास्तर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. काल कॉलेजच्या मैदानावर एका चष्मेवाल्या खेळाडूला मी तुमची युक्ती सांगितली. साबणाची कोरडी वडी काचेच्या दोन्ही अंगांना घासायची आणि मऊ फडक्याने इतकं पुसायचं की साबण लावलाय हे दिसूही नये. मग कितीही घाम येवो, काचेवर वाफ धरत नाही. "हमखास?" त्याने विचारलं. "कधीच चुकत नाही," मी म्हणालो. पण ती युक्ती एकदा चुकली होती, असं तुम्ही शेवटपर्यंत धरून चाललात.

मी शाळेत असतानाचा संगमनेरचा खो-खोचा सामना. महायुद्धाचे दिवस, चष्म्याची काच फुटली तर नवी मिळायची मारामार. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघते. पळतीत शेवटचा मी उरलोय, अर्धं मिनिट काढलं की सामना आपला. मागून त्यांचा गडी झेप घेतो. हा अंगावर पडणार, चष्मा जाणार, एवढंच मनात येतं, आणि मी आपण होऊन फक्कीची रेघ ओलांडतो. रेघेबाहेर गेलेला बाद. सामना गेला. ती पांढरी रेघ मला स्वच्छ दिसत होती.

आपला राजूरकडचा कप्तान अंगावर धावून आला. "चार डोळं हायती, तरी रेघ दिसना व्हय रं तुला?"

"चष्म्यावर वाफ आली होती," मी म्हणालो.

"मंग घरी चुलीम्होरं बसायचं हुतं की!"

तेवढ्यात तुम्ही मध्ये आलात. "त्याला बोलू नका. साबण मी लावला होता. घाईत कमी पडला." सगळे सामान आवरायला लागले. मीही.

त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी तुम्ही माझा चष्मा मागून घ्यायचात. धोतराच्या सोग्याने पुसायचात, उजेडाकडे धरून बघायचात, पुन्हा पुसायचात. खरं सांगायला शाळा सुटेपर्यंत दोन हिवाळे मिळाले होते. भीतीमुळे बोललो नाही, असं मी इतकी वर्षं वहीत लिहीत आलो. हे पानही त्याच वहीत राहील. पण आज तपासून पाहिलं तर ते पुरतं खरं वाटत नाही. भीती आठवड्याभरात सरली होती. पुसून झाल्यावर तुम्ही तो चष्मा सगळ्या संघादेखत स्वतःच्या हाताने माझ्या कानांवर चढवायचात. सांगितलं असतं तर ते थांबलं असतं, आणि मला ते थांबायला नको होतं.