पंधरा सभासद, एक पाहुणी

मी, आर्झेलिया टिब्स, वय सत्तर (वकीलबाईंच्या कागदात एकाहत्तर आहे, तो त्यांचा प्रश्न), धंदा गाणं, सध्या गुडघेदुखी, राहणार बिनी स्ट्रीट, ओमाहा, नेब्रास्का, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. घालायला आता उरलंय कोण? नशापाण्याबद्दल लिहावं लागतं म्हणून लिहिते: सकाळी कॉफीत व्हिस्कीचा एक घोट होता. तो नसता तर अक्षर थरथरलं असतं. याआधीची दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. पहिल्यात सगळं डेलबर्टला होतं, दुसऱ्यात डेलबर्टला काहीच नव्हतं. दोन्ही रागाच्या भरात केली होती. हे तिसरं शांत डोक्याने करायचं ठरवलं आहे, बघू कितपत जमतं.

कलम १. मला कुठे पुरावं.

वकीलबाई मिस हार्मन म्हणतात, आधी मिळकत लिहा, पुरण्याचं शेवटी. पण मिळकत कोणाच्या घशात गेली हे मला मेल्यावर थोडंच कळणार आहे? मी कुठे पडणार ते मात्र मला आत्ताच कळायला हवं.

टेकडीवरच्या कबरस्तानात प्लॅट व्हॅली सेरेनेडर्स या आमच्या नाचाच्या बँडची एक रांग आहे. बरे दिवस होते तेव्हा पंधरा सभासदांसाठी पंधरा जागा एकदम घेतल्या होत्या. तेरा भरल्या. चौदावी ड्रमवाला होझेया क्रंप याची. तो हयात आहे आणि मी हे लिहीत असताना माझ्याच टेबलाशी बसून माझाच तळलेला मासा खातो आहे. पंधरावी ट्रॉम्बोनवाल्या युस्टेसची होती, पण त्याला त्याच्या बायकोने टल्सात स्वतःच्या आईशेजारी पुरला आणि जन्मभराचा सूड एका दिवसात उगवला. म्हणजे एक जागा रिकामी आहे. मला तिथे पडायचं आहे.

अडचण अशी, की मी बँडची सभासद नाही. मी पाहुणी. ग्रँड आयलंड गावात एका आठवड्यासाठी गायला आले आणि एकोणीस वर्षं बँडबरोबरच राहिले, तरी प्रत्येक गावातल्या प्रत्येक पोस्टरवर बँडचं नाव वर, आणि खाली 'खास पाहुणी: मिस आर्झेलिया'. म्हणतात ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. एकोणीस वर्षं राहिली तिचं काय जातं, ते म्हणीत नाही. मी सांगते. तिची कबर जाते.

ती जागा मिळाली नाही, तर माझा पुतण्या रेव्हरंड डेलबर्ट मला विचिटाला नेणार आणि माझा पहिला व देवाच्या कृपेने शेवटचा नवरा हार्लन टिब्स याच्या शेजारी ठेवणार. हार्लन चर्चचा मोठा सेवक होता. नाचाचं संगीत म्हणजे सैतानाची शिट्टी, असं त्याचं मत. मी गायला बाहेर पडू नये म्हणून तो माझे बूट कपाटात घालून किल्ली खिशात ठेवायचा. शेवटी मी अनवाणीच निघाले. गेल्या नाताळात डेलबर्ट मोठ्या प्रेमाने म्हणाला, "काकू, काकांच्या शेजारची जागा तुमच्यासाठीच ठेवलीय. दगडावर तुमचं नाव पण कोरून घेतलंय. फक्त तारीख बाकी आहे."

मी म्हटलं, "मेल्या, तारीख तेवढी कशाला सोडलीस? तीही ठरवून टाकायची होतीस!"

सबब, होझेया क्रंप याने खाली सही करताना मला रांगेत घ्यायचं की नाही ते लेखी सांगावं. हो म्हणाला तर टेकडी. नाही म्हणाला तर विचिटा, आणि मग मी त्याला झोपू देणार नाही.

कलम २. होझेयाला का विचारायचं.

कारण आमचा बँड कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. प्रोफेसर गेन्स पुढे उभा राहून काठी हलवायचा, पण मत त्यालाही एकच. पंधरा जण, पंधरा वाटे, पंधरा मतं. कुठल्या गावाला जायचं, कुठला सूट घालायचा, सगळ्यावर ठराव. एकाने मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग मतदान. बस लघवीला थांबवायची की नाही यावरसुद्धा मतदान व्हायचं, आणि मला मत नव्हतं. चालत्या बसमध्ये पाय आवळून पंधरा पुरुषांची चर्चा संपायची वाट मी पाहिली आहे. लोकशाहीबद्दल मला कोणी शिकवू नये.

पाहुण्यांना वाटा नाही, मत नाही, ठरलेला पगार. इतर पाहुणेही आले आणि गेले. न्यूयॉर्कचा एक नामांकित ट्रंपेटवाला आठवडाभर होता. त्याला स्वतःचा वेगळा टॉवेल लागायचा आणि आम्ही सगळे मिळून एकच वापरायचो. एक नकलाकार शिकवलेला कोंबडा घेऊन आला होता. कोंबडा ड्रमच्या ठेक्यावर मान हलवायचा. नकलाकार एका बाईबरोबर पळून गेला, कोंबडा राहिला. त्या रात्री जेवायला काही नव्हतं. पाहुण्याला खायचं का, असा ठराव आला आणि एकमताने मंजूर झाला. मला मत नव्हतं, तंगडी मिळाली.

खरं म्हणजे आम्ही सगळेच पाहुणे होतो. आम्हा काळ्या माणसांना कुठल्या हॉटेलात खोली मिळायची? गावोगावच्या आपल्या लोकांच्या घरी कोणी ओसरीवर, कोणी जमिनीवर, असे पसरायचो. पण यजमानीण दारात आली की होझेया छाती काढून सांगायचा, "आम्ही पंधरा सभासद, आणि ही एक पाहुणी." मग ती बिचारी मला पलंग द्यायची. एवढा एक फायदा झाला, तो नाकारत नाही.

१९३७ साली नॉर्थ प्लॅटच्या वाटेवर प्रोफेसरने बसमध्ये ठराव मांडला, की आर्झेलियाला सभासद करावं. युस्टेसने अनुमोदन दिलं. टोपी फिरली. पांढरा घेवडा म्हणजे हो, तांबडा म्हणजे नाही, आणि नवा सभासद घ्यायचा तर एकही तांबडा चालत नसे. टोपी उलटी केली, तर चौदा पांढरे आणि एक तांबडा. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नुसतं मक्याचं शेत होतं, तरी बघत राहिले. तो तांबडा दाणा युस्टेसचा, हे मी मनाशी पक्कं धरलं. तोंडावर अनुमोदन देणारा माणूस टोपीत काय टाकतो ते मला हार्लनच्या चर्चमध्ये चांगलं कळलं होतं. युस्टेसशी मी पुन्हा सरळ बोलले नाही. त्याच्या मयतालाही गेले नाही.

कलम ३. घर.

बिनी स्ट्रीटवरचं घर, मागच्या अंगणासह, माझ्या बहिणीची मुलगी व्हेल्मा हिला देत आहे. कारण तिने ते कधी मागितलं नाही. त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क, हिस्सा किंवा तोंड चालणार नाही. न्हाणीघराचा नळ डावीकडे फिरवून वर उचलावा लागतो; उजवीकडे फिरवला तर शेजाऱ्यांकडे पाणी जाईल असं मिस्त्री म्हणाला होता, पण तो पिऊन आला होता.

कलम ४. रेव्हरंड डेलबर्ट.

याला हार्लनचा फ्रेममधला फोटो आणि माझी लोखंडी घडीची खुर्ची देत आहे. पाहुण्या गायिकेने बँडमध्ये बसायचं नसतं. पियानोच्या बाजूला खुर्ची टाकून, मांडीवर हात ठेवून, हसतमुखाने आपल्या गाण्याची वाट बघायची असते. एकोणीस वर्षं मी त्या खुर्चीवर हसले. कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त सहनशीलता तिच्यात आहे. डेलबर्टने तिच्यावर बसून विचार करावा.

कलम ५. कपडे, गाडी आणि बाकीचं.

स्टेजवरचे झगे शाळेच्या नाटकमंडळींना द्यावेत. हिरवा मात्र मला घालावा. मागची चेन लागणार नाही, पण मी पाठीवरच झोपणार आहे. ब्यूक गाडी चर्चच्या गायकवृंदाला द्यावी, म्हणजे मधल्या ओळीतल्या बायकांना वेळेवर न येण्याचं कारण उरणार नाही.

कलम ६. होझेया क्रंप.

याला मी काहीही देत नाही. मिस हार्मन म्हणतात, ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नसलेला बरा. मला त्याची साक्ष हवी आहे, तेव्हा त्याने रिकाम्या हाताने जावं. त्याला सवय आहे.

इथे गेल्या रविवारचं लिहावं लागेल. मिस हार्मन म्हणाल्या, मृत्युपत्रात असलं लिहीत नाहीत. मी म्हटलं, मग माझं वाचून बघा.

रविवारी होझेया नेहमीसारखा जेवायला आला. मिस हार्मनही होत्या. त्या त्याला म्हणाल्या, "मिस्टर क्रंप, आता तुम्ही एकटेच सभासद उरलात. नुसतं हो म्हणून टाका ना."

"अहो वकीलबाई, असं कसं? मांडायला एक लागतो, अनुमोदनाला दुसरा. दोन्ही मीच केलं तर ती हुकूमशाही झाली."

मी म्हटलं, "म्हणजे जागा ओस पडली तरी चालेल, पण मला नाही?"

"नियम मी नाही केला, आर्झेलिया."

"युस्टेसच्या तांबड्या दाण्याने माझं वाटोळं केलं, आणि आता तुझा नियम."

होझेयाने काटा खाली ठेवला. तोंडातला घास सावकाश गिळला. म्हणाला, "युस्टेसचा नव्हता तो. माझा होता."

माझ्या हातातलं भाकरीचं ताट तसंच राहिलं. मी विचारलं, "का रे?"

"त्या वर्षी आमच्या वाट्याला काय येत होतं? शून्याचे पंधरा भाग. तुला पगार होता. जो कोणी नाचाला बोलवायचा तो पाहुणीचा पगार आधी द्यायचा, कारण पोस्टरवर तुझं नाव होतं. सभासद झाली असतीस तर आमच्यासारखी उपाशी राहिली असतीस."

"अरे गाढवा, त्या पगारावर सगळा हिवाळा तुम्हाला सॉसेज आणि ब्रेड कोण खाऊ घालत होतं?"

"तेच सांगतोय ना. तू सभासद झाली असतीस तर सोळाच्या सोळा उपाशी मेलो असतो."

मिस हार्मन हसल्या आणि लगेच रुमाल तोंडाला लावला. मला हसू आलं नाही. मी ताट टेबलावर आपटलं, त्याची कॉफी उचलून मोरीत ओतली आणि त्याला घालवून दिलं. मग एकटीच बसून रडले. त्याच्यावर राग होताच, पण जास्त रडू आलं ते युस्टेससाठी. जन्मभर त्या माणसाने माझं तिरकं बोलणं ऐकलं, आणि तो दाणा माझा नव्हे, असं एकदाही बोलला नाही. बोलला असता तर मग कोण, हे मी शोधलं असतं, आणि बँड फुटला असता. एवढं त्याला कळत होतं. सबब कलमाच्या बाहेर लिहून ठेवते: व्हेल्माने टल्साला जाऊन युस्टेसच्या दगडावर पिवळी फुलं ठेवावीत. त्याच्या सासूच्या दगडावर ठेवू नयेत.

कलम ७. मला ती जागा का हवी.

दर्जा, मान वगैरे काही नाही. बसमध्ये रात्र रात्र मी त्या माणसांत बसून झोपले आहे. कोणाचं डोकं माझ्या खांद्यावर, कोणाचा गुडघा माझ्या पाठीत, ट्रंपेटवाले एका सुरात घोरायचे आणि प्रोफेसर झोपेत त्यांना गप्प करायचा. हार्लनशेजारच्या पलंगावर मला कधी अशी झोप लागली नाही. मला माझ्या माणसांत पडायचं आहे. एवढंच आहे, आणि ते मागायला मला आता लाज वाटत नाही.

होझेयाने नाही म्हटलं तर मी भांडणार नाही. तो नियमाचा माणूस आहे. एकोणीस वर्षं त्याचा ठेका एकदाही हलला नाही, म्हणून मी डोळे मिटून गाऊ शकले. हलणारा माणूस असता तर मी त्याला साक्षीला बोलावलंच नसतं.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, दोन ठिकाणी शिव्या होत्या त्या मिस हार्मनच्या सांगण्यावरून खोडल्या, आणि बाकीचं माझ्या मनाप्रमाणे आहे म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करते.

ओमाहा, नेब्रास्का
१४ एप्रिल १९७८

आर्झेलिया टिब्स

साक्षीदार पहिला: ऑर्विल स्टेप्टो, टपालवाला. मी विजेचं बिल द्यायला आलो होतो, मला आत ओढून घेतलं. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मासा चांगला होता.

साक्षीदार दुसरा: होझेया क्रंप, ड्रम. बाईने माझ्यासमोर सही केली. शुद्धीत होती, तोंड नेहमीसारखं चालू होतं. कलम १ ची बाब अशी. आज सकाळी मी टेकडीवर जाऊन सभा भरवली. आर्झेलिया टिब्स हिला सभासद करून घ्यावं, असा ठराव मी मांडला. अनुमोदन युस्टेसचं धरलं. ते त्याने नॉर्थ प्लॅटच्या वाटेवर दिलं होतं आणि मरेपर्यंत मागे घेतलं नाही. मग एकेका दगडापाशी उभा राहून, कोणाची हरकत आहे का, म्हणून विचारलं. प्रोफेसरला दोनदा विचारलं, त्याला कमी ऐकू येतं. कोणी हरकत घेतली नाही. माझं मत, हो. ठराव एकमताने मंजूर. पंधरावी जागा आर्झेलियाची. मात्र सभासद झाली म्हणजे तिला ज्येष्ठतेचा नियम लागू आहे, आणि माझा नंबर तिच्या आधी आहे. तिने रांग मोडू नये.