‘करून राहिली’ म्हणायचं नाही

माय, रविवारी प्रताप नगरच्या एका सभागृहात मला बोलायचं आहे. समोर बसतील त्या सगळ्या आपल्यासारख्याच: डबे देणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, पार्लर चालवणाऱ्या, पापड-शेवयांवर घर ओढणाऱ्या, एकदोघी चक्कीवाल्याही. त्यांचं गाऱ्हाणं एकच आहे आणि ते माझंही आहे. दिवस आमच्या नावावर उगवतो, पण आमच्या हाती लागत नाही. येणारा-जाणारा त्याचा लचका तोडून नेतो. गिऱ्हाईक नेतं, घर नेतं, उरलेला फोन नेतो. मागच्या सभेत एक सुटाबुटातला माणूस त्यांना शिकवून गेला, की पहाटे पाचला उठा, कामांना रंग द्या, तातडीचं लाल, महत्त्वाचं निळं. मागच्या रांगेतल्या एका डबेवालीने हात वर केला आणि म्हणाली, "सर, मी तं तीनलेच उठते. पाचपर्यंत झोपू म्हणता का?" सभागृह हसलं. तोही हसला. मला हसू आलं नाही. मला तुझा उजवा हात आठवला.

मी पुष्कळ वाचलं आहे, माय. तुला अक्षर लागायचं नाही, पण मी दिव्याखाली वाचत बसले की तू चुलीवरचं माझं काम गुपचूप उरकून टाकायचीस. त्या वाचनाच्या जोरावर आज मी माईकसमोर उभी राहते. वेळेच्या नियोजनाची पुस्तकंही मी वाचली. ती सगळी सांगतात, वेळ वाचवा. तो कुणाच्या अंगातून कापून काढायचा, हे एकही सांगत नाही. जणू वेळ म्हणजे डब्यातली साखर, चमचाभर कमी घातली की उरली. आपल्या चक्कीवर वेळ मांसातून निघाला. मी समोर उभी होते, म्हणून हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

जरीपटक्यातलं आपलं दुकान. शटर वर गेलं की डाव्या हाताला गव्हाची चक्की, उजव्या हाताला तिखटाची, मधात तराजू. मे महिना आहे, मी कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीत घरी आले आहे, वक्तृत्वाची ढाल भिंतीवर नुकतीच लागली आहे. अर्धं नागपूर वर्षाचं तिखट कांडून घ्यायला निघालं आहे. कुहीकडून आलेल्या लालभडक मिरचीची पोती दुकानाबाहेर उन्हात टेकून ठेवली आहेत, रांगेतल्या बाया पदरात शिंकत आहेत. आणि तू प्रत्येकीला एकच सांगत आहेस, "करून राहिली वं, तुहंच करून राहिली." पुण्याकडचा माणूस "करते आहे" म्हणतो. त्यात निदान काम दिसतं. आपलं "करून राहिली" लांबट आहे, मऊ आहे, त्यात काम सुरू झालं की नाही हे कुणालाच कळत नाही. पोतं अजून बांधलेलं असलं तरी ते म्हणता येतं. गिऱ्हाईक गप्प बसतं, आपण सुटतो, आणि एकाच तासावर आठ जणांचा हक्क लिहून देतो. मग ते आठही जण एकदम वसुलीला येतात.

त्या दिवशी वसुलीला आला तो जेवणाचे ठेके घेणारा. लग्नसराईत आपलं निम्मं काम त्याचंच असायचं, म्हणून तो रांगेत उभा राहत नसे, थेट तराजूपाशी यायचा. त्याच्या मसाल्याबद्दलही तू सकाळपासून तेच सांगत होतीस. तेवढ्यात तिखटाच्या चक्कीचा पट्टा उतरला. मोटर बंद करायची, चाक पुरतं थांबू द्यायचं, पट्टा चढवायचा आणि मग पुन्हा सुरू करायचं, ही रीत तूच मला शिकवली होतीस. तू बटणाकडे वळलीस. तो रांगेला ऐकू जाईल असा म्हणाला, "सकाळपासून करून राहिली, करून राहिली. माह्या पंगतीले काय तुहे शब्द वाढू?" रांग हसली. मी त्या हसण्याचा आवाज ओळखते, व्यासपीठावर तो माझ्या बाजूने असतो तेव्हा गोड लागतो. तुझ्या अंगावर तो काठीसारखा पडला. तू बटण सोडलंस, पट्टा उजव्या हातात धरलास आणि फिरत्या चाकावर रेटलास.

पट्ट्याने तुझा हात आत ओढला. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज झाला. तू ओरडली नाहीस, तुझं अख्खं शरीर चाकाकडे खेचलं गेलं आणि खांदा लोखंडावर आपटला. मी बटण दाबलं, तरी ते चाक फिरतच राहिलं. बंद केल्यावरही ते तुझा हात चावत होतं. हात सुटला तेव्हा त्यात अंगठा होता, करंगळी होती, आणि मधात नुसता लगदा. रक्त धारेने तिखटाच्या ढिगावर पडत होतं आणि दिसत नव्हतं, लाल लालमध्ये मुरत होतं. जखमेत तिखट गेलं तेव्हा मात्र तुझ्या घशातून जे निघालं, ते मी त्यानंतर कुठल्याही माणसाच्या घशातून ऐकलेलं नाही. रांगेतली एक बाई भिंतीला धरून ओकली. ठेकेदाराने ढिगाकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि विचारलं, "मंग माहा मसाला?"

माझ्या हातात दोन किलोचं वजन कधी आलं, मला कळलं नाही. मी ते त्याच्या कपाळावर घालणार होते. कपाळ फुटलेलं मला दिसतही होतं. तू पदरात हात गुंडाळून भिंतीला टेकली होतीस, ओठ पांढरेफटक पडले होते, आणि तशात तू म्हणालीस, "वजन खाली ठेव वं. आधी मले दवाखान्यात ने." आज लोकांना मी कामांचा क्रम लावायला शिकवते. त्याचा पहिला आणि शेवटचा धडा तो होता. राग खरा होता, तो माणूस त्या वजनाच्या लायकीचा होता, पण रक्त थांबवणं आधी होतं.

पाऊसपाणी सुरू झाल्यावर तू पुन्हा शटर उचललंस, डाव्या हाताने. पट्ट्याभोवती लोखंडी जाळी बसवून घेतलीस. आणि दुसरं एक केलंस, जे पाहून नातेवाईक म्हणाले, हाताबरोबर बाईचं डोकंही गेलं. सकाळी जेवढं होईल तेवढंच तोलून घ्यायचीस, पुढच्या माणसाला सांगायचीस, "आज नाही होत." कुणी दुप्पट देतो म्हटलं तरी तेच. आणि दुपारी मोटर बंद करून बोर्डातला चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपटायचीस आणि कमरेला खोचायचीस. तू जेवून, पाय पसरून, अंग टेकवून उठेपर्यंत जगात कुणीही ती चक्की सुरू करू शकत नसे. मीसुद्धा नाही. तेव्हा मला ते अडाणी वाटायचं. नुसतं बटण बंद केलं तर पुरे नाही का, मी विचारलं होतं. बटण कोणीबी दाबते, तू म्हणालीस.

मी मात्र माझ्या जिभेवर खूश होते. एका सकाळी कोपऱ्यावरची मावशी गव्हाचा डबा घेऊन आली. दिवसाचं काम भरलेलं, तिचं होणार नव्हतं. पण तिला नाराज कोण करणार? मी गोड हसून म्हणाले, ठेवा मावशी, तुमचंच करून राहिली. तू तराजूपासून उठलीस आणि भर रांगेत माझ्या कानशिलात मारलीस. त्या उजव्या हाताने. अंगठा आणि करंगळी, मधात हाडाची गाठ. त्या गाठीने माझं गालफड आतून फाटलं आणि तोंडात रक्ताची चव आली. ढाल मिळालेल्या मुलीला चारचौघींत मारलं होतं. मी तुझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला शिव्यांची गरज नव्हती. तू आवाज न चढवता म्हणालीस, "झालं म्हण, नाहीतर नाही म्हण. मधातलं बोलली तं हे पाह्य," आणि तो हात माझ्या डोळ्यांसमोर धरलास. "मधातलं असं जाते." मावशी डबा उचलून जायला लागली. तिला तू सांगितलंस, परवा सकाळी आण वं, आणशील तं उभ्या उभ्या देते. परवा तिने आणला आणि तू उभ्या उभ्या दिलास.

ठेकेदार पुन्हा आला, तो पुढच्या मे महिन्यात. बाकीच्या चक्क्यांनी त्याला लटकवून ठेवलं होतं, म्हणून. भर दुपार होती, तू भाकरीवर ठेचा घेऊन बसली होतीस. त्याने पोतं आणून आदळलं. तू खाताखाता सांगितलंस की आज नाही होत. तो आधी हसला, मग त्याने जुन्या निम्म्या कामाची आठवण करून दिली, मग तुझ्या हाताबद्दल एक घाण विनोद केला, तो मी लिहिणार नाही. तू घास चावत राहिलीस. मग तो स्वतःच आत शिरला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बोर्डातली रिकामी खोबण त्याला दिसली, मग तुझ्या कमरेला खोचलेलं पांढरं दिसलं. त्याने तुझं ताट लाथेने उडवलं आणि तुझ्या कमरेला हात घातला.

तू बसल्या जागेवरून डबा ओढलास आणि मूठभर ताजं तिखट त्याच्या उघड्या डोळ्यांत मारलंस. तो कोसळला. गुडघ्यांवर, मग कोपरांवर, मग फरशीला तोंड घासत. तो आईचं नाव घेऊन किंचाळत होता आणि मला सांगायला लाज वाटत नाही, की ते मला गाण्यासारखं वाटलं. गल्ली जमली. कुणी पोलिसांचं नाव काढलं, कुणी पाणी आणलं. पाणी तूच त्याच्या डोळ्यांवर ओतलंस, दोन बादल्या, मान धरून. आणि वर सांगितलंस, "जेवून राहिली होती मी. दिसलं नाही का गा?" माय, तेवढं एक "राहिली" तू आयुष्यात खरं वापरलंस. जेवत होतीस, तर जेवत होतीस.

मी या बायांना तिखट फेकायला सांगणार नाही. पण सूटवाल्याचे रंगही त्यांच्या हाती देणार नाही. मी त्यांना सांगणार आहे की वेळेचं नियोजन ही टापटीप बायकांची कलाकुसर नाही, ती मारामारी आहे. तुमचा तास घ्यायला येणारा माणूस वाईटच असतो असं नाही, बहुतेकदा तो गोड असतो, घाईत असतो, लग्नघरचा असतो. पण तुम्ही "नाही" म्हटलं नाही, तर तो तास कुठून तरी कापला जातोच. तुमच्या झोपेतून, पाठीच्या मणक्यातून, पोराला दिलेल्या धपाट्यातून, एखादीच्या बोटांतून. पहिला घाव आपणच आपल्या मऊ जिभेने घालतो. "नाही" म्हटल्यावर गिऱ्हाईक जातं, हेही मी लपवणार नाही. आपली बरीच गेली. काही कधीच परतली नाहीत. जी परतली ती डबा ठेवून घड्याळ न पाहता घरी जायची, कारण आपल्याकडचं "हो" हे "हो" होतं.

चक्की माझ्या हाती देताना तू किल्ल्यांआधी तो फ्यूज दिलास. आता बोर्ड नवा आहे, त्यात उपटण्यासारखं काही नाही. यंत्रांना बंद पेट्या आहेत, पट्टा कुणाला दिसत नाही. आता पट्टा माझ्या खिशात आहे. तो दर घटकेला थरथरतो, "ताई झालं का?" आणि मी चालता चालता, जेवता जेवता, फिरत्या चाकावर हात ठेवते. फ्यूज या कागदावर ठेवून मी हे लिहिते आहे, पंख्याने उडू नये म्हणून. त्याच्या खाचेत अजून तुझ्या वेळचं लाल बसलेलं आहे, तिखट असेल.

हे पत्र कुठे जाणार नाही. तू आहेस तिथे टपाल पोचत नाही, आणि पोचलं तरी तुला वाचून दाखवायला तिथे मी नाही. एक मात्र तुला सांगितलं पाहिजे, कारण दुसऱ्या कुणी विचारलं तर मी हसून टाळेन. सभेच्या ताई सकाळपासून भाषणाचा मजकूर मागत आहेत. मी त्यांना तीनदा कळवलं, "लिहून राहिली." भाषणाची एक ओळ मी लिहिलेली नाही. लिहिलं ते हेच. गाल आतून चुरचुरतो आहे. आता आधी त्यांना फोन लावते आणि सांगते की मजकूर नाही, होणार नाही, उभी राहून बोलेन. रविवारी फ्यूज कमरेला खोचून जाईन आणि एवढंच मागेन: बायांनो, फोन बाहेर काढा. ज्याच्या कामाला अजून हात लावला नाही आणि ज्याला "करून राहिली" म्हणून ठेवलं आहे, असा एक माणूस शोधा. त्याला इथूनच, माझ्यासमोर, फोन लावा आणि म्हणा, "आज नाही होत."