निघतानाचं कुंकू

रवि., ४ फेब्रु. ९६
नोएडाचा फ्लॅट बघून आलो. सु. (नवरा), मी आणि आई (सासूबाई). अहाहा, काय उजेड! आई तीन तास खूश. गॅलरीत पोपट बघितले. खालच्या मजल्यावर साठेवहिनी, बिल्डिंगमधलं एकुलतं मराठी घर. त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी, दोनदा घेतली.
घरी करोल बागेत परतल्यावर आई चपला काढता काढता म्हणतात, "जागा चांगली आहे. मला नको."
झालं! फ्लॅट घेणार की नाही ते सोसायटीला पुढच्या सोमवारी, १२ तारखेला कळवायचंय. सु. म्हणतो, आई नाही तर आपणही नाही. म्हणजे जन्मभर याच दोन भाड्याच्या खोल्या.

मंगळ., ६
आईंना विचारलं, पोपट? "लक्षात नाही बाई." खिचडी? "असेल." अख्खे तीन तास गेले कुठे यांचे?

गुरु., ८
माझ्या दातांच्या दवाखान्यात पिंकी, वय सात. दाढ काढताना आकाशपाताळ एक केलं पोरीने. मग शेवटी माझी नेहमीची पाच मिनिटं: कोमट पाण्याच्या चुळा, आरसा तिच्या हातात, माझेच दात बघायला लावले. जाताना विचारते, "आंटी, फिर कब आऊँ?" दुखणं विसरतात, आरसा राहतो. पुढच्या खेपेला येतात ते त्या आरशासाठी.
आणि एकदम ट्यूब पेटली. रविवारचा आमचा शेवट काय होता?
दारात साठेवहिनींनी मला हळदीकुंकू लावलं. करंडा आईंच्या समोरून आत गेला. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून. रीत. मी बघितलं होतं, आणि विसरूनही गेले! दातांची डॉक्टर म्हणे.

शुक्र., ९
वहिनींना फोन. रडल्याच. "अहो, हात आपोआप वळला हो." रविवारी या म्हणाल्या.
दिवसभर तेच डोक्यात. जाते म्हणू नये, येते म्हणावं. निघताना हातावर दही. दारात कुंकू. परत येणं निरोपातच पेरून ठेवलंय! कुठल्या बाईला सुचलं असेल हे पहिल्यांदा? अंगावर काटा आला. आणि हीच रीत आमच्या आईंना मात्र दारातच वगळते.

रवि., ११
आई "तुझ्या हट्टापायी" आल्या. धुकं, गॅलरीतून काही म्हणजे काही दिसेना. चहा पाणचट. जिन्यात आईंचा गुडघा धरला.
निघताना वहिनींनी करंडा आईंच्याच हातात दिला. "आधी तुम्ही मला लावा." आईंनी पदर सावरला. मग लावलं. वहिनींनी कुंकवाचं बोट पुढे केलं, पण थांबून विचारलं, "लावू?"
आईंनी डोळे मिटले. "लाव."
मला रडू आवरेना. सु. आपला जोडे शोधत होता.

सोम., १२
दुपारी मेथी निवडताना आई: "साठ्यांच्या वहिनीला तू सांगितलं होतंस ना?"
खोटं बोलवेना. "हो."
"वाटलंच. तुझ्या त्या पेशंट पोरींसारखं केलंस माझं."
"रागावलात?"
"नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं, लावू का म्हणून. ते कसं विसरू?"
धुक्याचं नाव नाही, गुडघ्याचं नाही, चहाचंही नाही. बाई गं, केवढं हे!
सु. फोनपाशी. सोसायटीचं ऑफिस पाचला बंद होतं. "आई, काय कळवू?"
"थांब जरा," म्हणाल्या, आणि माझा कुंकवाचा करंडा उचलून आतल्या आरशापाशी गेल्या.
पावणेपाच. अजून बाहेर आलेल्या नाहीत.