राबाचा खोकला

आई, मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. बारा वर्षं झाली तुला जाऊन, तरी आज लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावताना तुझा इतका राग आला की हात थांबला. फुफ्फुसाचा कॅन्सर सुरुवातीलाच कळावा म्हणून आमच्याकडे हल्ली रक्तातल्या खुणा शोधतात, बायोमार्कर म्हणतात त्यांना. नुसत्या त्यावरून नक्की सांगता येत नाही, पण शंका आली की माणसाला सीटी स्कॅनला पाठवतात. तुझ्या कॅन्सरची शंका कुणालाच आली नाही, आणि येऊ दिली नाहीस ती तूच.

अजून डोळ्यांसमोर येतं: म्हसा गावाकडच्या आपल्या शेतात तू राब भाजते आहेस. पेरणीआधी रोपांची जमीन भाजायची म्हणून शेण, टहाळ, पाला रचून त्यावर माती पसरली आहेस, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवते आहेस. तुझ्याइतकं नीट ते गावात कुणाला जमत नसे. मी चहा घेऊन येते, तर तू पदर नाकाला लावून धुरात उभी, खोकून खोकून डोळे लाल. दवाखान्यात चल म्हटलं तर मलाच फटकारलंस.

"राबाचा खोकला हाय गो. पाऊस पडला का जाईल."

पाऊस पडला, लावणी झाली, भात पोटरीला आलं, खोकला राहिला. दर उन्हाळ्यात घराघरात एक बाई अशी खोकत असते, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. शेवटी शहापूरला नेलं. तू विडीला कधी हात लावला नव्हतास. डॉक्टरने किती दिवसांचा खोकला म्हणून विचारलं, तर तुझ्याआधी मीच बोलले, राबाचा आहे. त्याने औषधाची बाटली दिली. मी तेव्हा लॅबचाच कोर्स करत होते, आई. माझी मला चीड येते.

आमच्या फॉर्मवर विडी-सिगारेटचा रकाना आहे, चुलीचा आहे, राबाचा नाही. साहेबांना तीनदा सांगितलं. बघू म्हणतात. मी हट्टाने समासात पेनाने लिहिते.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील. पण एक सांगते. मला होळीपासून खोकला आहे. आज शेजारच्या टेबलावरची मुलगी सुई घेऊन आली, "ताई, तुमचीपण एक नळी घेते," म्हणाली. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, राबाचा आहे गं, जाईल.

यंदा मी राबाकडे फिरकलेही नव्हते.