आधी मजकूर, मग सही

किन्हीराजा
१४ ऑक्टोबर १९७३

प्रिय पंचफुला,

सप्रेम जयभीम. अक्षर ओळखीचं वाटेल. तुझ्या आईची पत्रं मीच लिहितो ना! पण हे पत्र तिनं सांगितलेलं नाही, तिला ठाऊकही नाही. तिची तब्येत उत्तम आहे. कधीच बिघडली नव्हती. एवढं वाक्य ध्यानात ठेव.

इकडची खबर म्हणजे शाळेचं छप्पर यंदाही गळलं आणि तुझा हा मामा जूनपासून हेडमास्तर झाला. पगार चौदा रुपयांनी वाढला, अक्कल होती तेवढीच राहिली.

आईचं पोस्टाचं पासबुक तुला आठवत असेल. अंगठेवाल्या माणसाला पैसे काढायचे तर साक्षीदाराची सही लागते, आणि आपल्या वस्तीत सहीचा माणूस मी एकटा. बाया निंदणाची मजुरी बुडवून शाळेच्या दारात माझी वाट बघत बसायच्या. म्हणून मी शहाणपणा केला. तुझ्या आईला, भागिरथाला, पाच कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून दिल्या. शाईची पेटी हाताशी होती, तिचे अंगठेही तेव्हाच घेतले. आजारपणात दुसऱ्याच्या हाती पैसे मागवायचा रकाना असतो, त्यावरसुद्धा. तिनं एकदा विचारलं, “दादा, वर काईच लिवलं नाई, चालते का?” मी हसलो. न वाचता अंगठा देऊ नका, हे साऱ्या वस्तीला ओरडून सांगणारा मीच.

एप्रिलात खाकी सदऱ्यातला एक माणूस आला. जुनी पासबुकं रद्द होणार, फोटो लावलेली नवी मिळणार, म्हणाला. आईनं पासबुक दिलं, आतले फॉर्म तसेच. त्यानं शिक्का मारून पावती दिली. चार दिवसांनी तिनं ती मला दाखवली. शिक्का लग्नाच्या कुठल्याशा बँडपथकाचा होता. मी सायकल हाणत पोस्टात पोचलो तोवर चारशे ऐंशी रुपये निघाले होते. तुझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचे.

आईच्या तक्रारीवरून चौकशीला पोस्टाचे साहेब आले. सही तुमचीच का, त्यांनी विचारलं. हो म्हणालो. अंगठा आधी भरलेल्या फॉर्मवर, तुमच्यासमोर घेतला का? खरं सांगितलं असतं तर पैसे परत मिळण्याची थोडी आशा होती. पण माझ्या बढतीचा कागद तेव्हा वर गेला होता. मी त्यालाही हो म्हणालो. भागिरथा शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “दादा म्हन्ते तसंच असन.” तक्रार खोटी ठरली. कुंपणानंच शेत खाल्लं, पोरी.

मग तुझं पत्र आलं, ‘आई, माझे पैसे कुणाच्या घशात घातलेस?’ ते तिला वाचून दाखवणारा मीच. ती एवढंच म्हणाली, “दुखण्यात गेले म्हून लिव.” मी लिहिलं, एकही ऱ्हस्व-दीर्घ न चुकवता. तुला ते पटलं नाही. तुझं नाव कॉलेजातून कमी झालं, तू तिथे दुकानात कामाला लागलीस आणि आईशी बोलणं टाकलंस. ती रोज पोस्टमनची वाट अडवते. तो मान हलवून पुढे जातो. मला लाज वाटते, आणि त्या लाजेचा कुणाला काडीचा उपयोग नाही.

गेल्या महिन्यात मी वरच्या कचेरीला खरा जबाब लिहून पाठवला. काल उत्तर आलं: रक्कम नियमानुसार दिलेली आहे, प्रकरण बंद. तेव्हा पैसे येणार नाहीत, वर्षही येणार नाही. हे पत्र मात्र जपून ठेव, कुणाला दाखवायचं ते तू ठरव. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. फक्त आईला दोन ओळी लिही. त्या मीच वाचून दाखवणार आहे, म्हणून मला काय शिव्या द्यायच्या त्यातच दे. एकही गाळणार नाही. खाली माझी सही आहे. या वेळी आधी मजकूर लिहिला, मग सही केली.

तुझाच अपराधी मामा,
उकंडराव